एकाच जागी टोचत असेल, तर सहन करू नका

नमस्कार डॉक्टर,

मी ३१ वर्षांची. वाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. लहानपणी राहून गेलेलं दातांचं काम आता स्वतःच्या पगारातून करून घेतेय. तार दिसायला नको म्हणून दातांच्या मागच्या बाजूने बसणाऱ्या ब्रेसेस निवडल्या. पुण्याला जाऊन वर-खाली दोन्हीकडे बसवल्या, त्याला आज १२ दिवस झाले. जीभ पार सोलून निघालीय. डाव्या कडेला एक चरा पडलाय, तो भरतच नाही. ‘त’ आणि ‘स’ धड म्हणता येत नाहीत. परवा फळ्यावर ‘तलवार’ लिहून वाचलं, तर पोरं माझ्यासारखंच म्हणून दाखवायला लागली. मागच्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत, त्यामुळे घास चावला जात नाही. टोचू नये म्हणून तारेवर लावायला दिलेलं मेण तासाभरात सुटून तोंडात येतं. दवाखान्यात फोन केला तर ‘होईल सवय’ म्हणाले, पुढची तारीख महिन्याने आहे. सासूबाई म्हणतात, या वयात कुणी सांगितले होते हे उद्योग! काढून टाकू का?

— एक शिक्षिका

प्रिय बाई,

शाळेत तुम्हाला सगळे बाईच म्हणत असतील, म्हणून मीही तेच म्हणते. आधी उत्तर सांगते, कारणं मग. ब्रेसेस काढू नका. पण महिन्याने दिलेल्या तारखेपर्यंत थांबूही नका. या शनिवारीच जा.

तुम्ही एका दमात पाच तक्रारी लिहिल्यात. त्यातल्या चार दिवसांगणिक आणि थोड्या युक्तीने आटोक्यात येतात. पाचवी येणार नाही, आणि तीच तुम्ही मधे एका ओळीत उरकलीत: डाव्या कडेचा न भरणारा चरा.

नव्या तारेचा त्रास फिरता असतो. आज जिभेचं टोक हुळहुळतं, उद्या कडा दुखतात, परवा चहाचा घोट घेतला की सगळी जीभ भाजल्यासारखी वाटते. हा सवयीचा त्रास. जिभेची त्वचा हळूहळू निबर होते आणि तो ओसरतो. पण रोज त्याच ठिकाणी, त्याच बाजूला, गिळताना आणि बोलताना एकच टोक लागत असेल, तर तिथे काहीतरी टोकदार आहे. टोकदार वस्तूची कुणालाच सवय होत नाही. तिथे नुसती जखम होत राहते, आणि आपण तिला सवय म्हणत बसतो.

हे मी शिकले ते एका माणसाच्या सोसण्यातून. बरीच वर्षं झाली. बँकेत कॅशियर असलेले एक गृहस्थ होते, मितभाषी. मागच्या बाजूच्या ब्रेसेस बसवल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला, जीभ दुखते म्हणून. मी घाईत होते. म्हटलं, होईल सवय, दहा-बारा दिवस द्या. त्यांनी दिले. तीन आठवड्यांनी ठरल्या तारखेला आले, खुर्चीत बसले, जीभ बाहेर काढली. उजव्या कडेला मसुराच्या डाळीएवढा पांढरा खड्डा आणि भोवती लालभडक कड. शेवटच्या दाढेमागे तारेचं टोक जेमतेम मिलिमीटरभर बाहेर आलं होतं. वेडेवाकडे दात सरळ व्हायला लागले की तार मागे सरकते आणि शेवटच्या दाढेवरच्या नळीतून बाहेर डोकावते. हे मला पुस्तकासारखं पाठ होतं, तरी फोनवर विचारायचं सुचलं नाही. ते टोक कापायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आणि त्या अर्ध्या मिनिटासाठी त्या माणसाने तीन आठवडे भाजी पाण्यात धुऊन खाल्ली होती. त्या दिवसापासून मी फोनवर ‘होईल सवय’ म्हणत नाही. आधी विचारते, एकाच जागी टोचतंय का?

तुमच्या डाव्या बाजूला काय आहे ते घरीच बघता येईल. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा. मोबाइलचा टॉर्च लावून कुणाला तरी धरायला सांगा. स्वच्छ चमच्याच्या दांड्याने जीभ अलगद उजवीकडे सारा आणि चऱ्याच्या अगदी समोर कोणता दात येतो ते पाहा. चार गोष्टी असू शकतात. शेवटच्या दाढेमागे तारेचं टोक. ब्रॅकेटवरचा, म्हणजे दाताला चिकटवलेल्या आणि तार धरून ठेवणाऱ्या छोट्या तुकड्यावरचा, रबर अडकवायचा छोटा आकडा. ब्रॅकेटला तार बांधायला वापरलेल्या बारीक तारेचं पीळ दिलेलं शेपूट, जे आत दुमडायचं राहून गेलं. नाहीतर ब्रॅकेट चिकटवताना कडेला राहिलेलं सिमेंट, वाळून खरखरीत झालेलं. आणखी एक जागा मुद्दाम बघा: सुळ्याच्या मागचा पहिला दात. आतल्या बाजूने पाहिलं तर सुळा बारीक असतो आणि त्याच्या मागची लहान दाढ एकदम जाड, त्यामुळे ब्रेसेसच्या तारेला तिथे एक वळण द्यावं लागतं. ते वळण जिभेच्या कडेला नेमकं घासतं.

जे दिसेल त्याचा फोटो काढा आणि तो दवाखान्यात पाठवा. ‘जीभ दुखते’ म्हणण्यापेक्षा ‘खाली डावीकडे, मागून दुसऱ्या दाढेपाशी तारेचं टोक लागतं, १२ दिवस जखम भरत नाही’ असं सांगितलं की कुठलाही डॉक्टर तुम्हाला महिन्याची तारीख देणार नाही. टोक कापणं, शेपूट आत दाबणं, सिमेंट घासून गुळगुळीत करणं, आकड्यावर निळ्या दिव्याने घट्ट होणारा मऊ लेप चढवणं, ही सगळी काही मिनिटांची कामं. तुम्ही मात्र घरी नेलकटर किंवा पक्कड घेऊन बसू नका. कापलेला तुकडा घशात जाऊ शकतो. फार तर पेन्सिलीच्या मागच्या स्वच्छ रबराने ते टोक दाताच्या बाजूला हलकेच दाबून बघा. वळलं तर वळलं. नाहीतर मेण लावून शनिवारची वाट बघा.

आता मेणाबद्दल. तासाभरात निघतं यात तुमची चूक नाही, ती जागाच वाईट आहे. खालच्या पटाशीच्या दातांच्या मागेच, जिभेखाली, लाळेच्या नळ्या उघडतात. तिथे कायम ओल. ओल्या ब्रॅकेटवर मेण म्हणजे ओल्या भिंतीवर चिकटपट्टी. त्या कॅशियरच्या प्रकरणानंतर मी स्वतःच्या खालच्या सहा दातांना मागून ब्रॅकेट लावून घेतले, तार ओवली आणि ११ दिवस ठेवली. तेव्हा मलाही पहिले दोन दिवस मेण टिकवता आलं नाही. मग जमलं ते असं. जरा पुढे वाकून बसायचं, तोंडातली लाळ थुंकून टाकायची. टिश्यू पेपरची घडी किंवा कापसाचा बोळा जिभेखाली ठेवायचा. दुसऱ्या टिश्यूने ब्रॅकेट नीट टिपायचा, तोंडाने दोन-तीन श्वास आत ओढायचे म्हणजे तो कोरडा होतो. तोवर बोटांत मेणाची तूरडाळीएवढी गोळी मळून ऊबदार करून ठेवायची. आपण फार मोठी गोळी घेतो, तिथेच फसतो. मोठा गोळा जिभेला सलतो, जीभ त्याला उकरत बसते. छोटी गोळी ब्रॅकेटवर ठेवून नुसती चपटी करायची नाही, बोटाच्या पेराने तारेच्या वर आणि खाली खाचेत दाबायची. वरून हात फिरवला तर सुपारीसारखी गोल, गुळगुळीत लागली पाहिजे. मग बोळा काढायचा.

अशी लावलेली मेणाची टिकली शाळेच्या वेळेपुरती टिकते. सगळीकडे लावत बसू नका, जिथे लागतं त्या दोन-तीन जागीच लावा. जेवताना आणि ब्रश करताना काढून टाका, मग नवी लावा. चुकून गिळली गेली तर घाबरू नका, त्याने काही अपाय होत नाही. दवाखान्यात सिलिकॉनच्या पट्ट्या मिळतात का तेही विचारा. काहींना त्या मेणापेक्षा जास्त टिकतात.

सोललेल्या जिभेसाठी साधेच उपाय बरे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा चूळ. माठातलं पाणी थोडं-थोडं, घोट-घोट. झोपताना जिभेच्या कडांना साजूक तुपाचं बोट फिरवा. आपल्या आज्या हेच करायच्या, आणि त्याने घर्षण खरंच कमी होतं. फक्त क्रम पाळा, आधी मेण, मग तूप. तुपावर मेण बसत नाही. लवंगेचं तेल उघड्या जखमेला लावू नका, भाजेल. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल व ‘लाव जराशी, दुखणं बधिर होतं’ असं सांगत असेल, तर हात जोडून नाही म्हणा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ओल्या जखमेवर तर ती कधीच नको. दात ठणकत असतील तर जेवणानंतर पॅरासिटॅमॉलची साधी गोळी चालते. इतर काही औषधं चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

ठणक्याची एक गंमत सांगते, उपयोगाची आहे. सुरुवातीला जी तार घालतात ती बहुधा निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. थंडीत ती मऊ पडते आणि तोंडाच्या उबेत पुन्हा ताठ होऊन दातांना ओढू लागते. म्हणून गार पाण्याचा घोट काही क्षण खरोखरच हायसं वाटायला लावतो, आणि उकळता चहा दुखरे दात जागे करतो. चहा सोडू नका. कोमट करून प्या. तार बदलली की पहिल्या दिवसाच्या आसपास ठणका सगळ्यात जास्त असतो, मग चार-सहा दिवसांत उतरतो. पुढच्या प्रत्येक तारेला थोडा-थोडा होईल, पण पहिल्याइतका नाही.

जिभेचंही एक सांगायला हवं. जीभ चाळा करते. तुमच्या वर्गातल्या पोराचा दात पडला की त्याची जीभ दिवसभर त्या खिंडीत असते, तसंच आपलं. माझ्या ११ दिवसांत मला सगळ्यात जास्त त्रास बोलण्याने झाला नाही की खाण्याने झाला नाही. गप्प बसले असताना जीभ त्या सहा ब्रॅकेटांवरून फिरत राहायची, त्याने झाला. रात्री झोपेतही. सकाळी उठले की जिभेच्या कडेवर ब्रॅकेटांचे ठसे, करवतीच्या दात्यांसारखे. यावर एकच इलाज सापडला: जिभेला बसायला दुसरी जागा देणं. वरच्या पुढच्या दातांच्या मागे, हिरडीच्या पुढे गेलं की टाळूवर खरबरीत वळ्या लागतात. जिभेचं टोक तिथे टेकवून ठेवायचं, ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून किंचित सुटे. जिभेची ती तशीही मूळची जागा. वह्या तपासताना, एसटीत बसल्यावर, भाजी निवडताना आठवण झाली की जीभ तिथे न्या. दोन-तीन दिवसांत ती आपोआप जाऊ लागते.

आता तुमचा ‘त’. पत्रातलं ते वाक्य वाचून मला वाईट वाटलं, कारण पहिलीच्या बाईंचा ‘त’ जाणं म्हणजे सुताराचा रंधा जाणं. पण हा त्रास का होतो ते कळलं की निम्मं काम होतं. मराठी त, थ, द, ध म्हणताना जिभेचं टोक वरच्या पटाशीच्या दातांच्या मागच्या भिंतीला टेकतं. नेमकी तीच भिंत आता ब्रॅकेटांनी भरून गेलीय. ‘चमचा’तला च, ‘जहाज’मधला ज, ‘झाड’मधला झ हेही त्याच शेजारचे, म्हणून तेही अडखळत असतील. ‘स’ला जीभ दाताला टेकत नाही, पण जिभेच्या मधल्या पन्हाळीतून हवा पुढच्या दातांवर सोडावी लागते. वाटेत ब्रॅकेट आले की शिट्टी तरी वाजते, नाहीतर फुसकारा निघतो. उलट प, ब, म ओठांचे, क आणि ग पार मागचे, आणि ट, ठ, ड, ण, ळ यांना जीभ वळून टाळूकडे जाते. ते सगळे तुमचे शाबूत असणार. म्हणजे बिघडलंय ते मूठभर अक्षरांचं.

मग ‘त’ची जागा तांदळाच्या दाण्याएवढी मागे न्या. ब्रॅकेट दाताच्या भिंतीवर आहे. त्याच्या वर, दात जिथे हिरडीत शिरतो तिथे, हिरडीचा एक उंचवटा जिभेला लागेल. तो मोकळा आहे. जीभ तिथे टेकवून ‘त’ म्हणा. इंग्रज लोक त्यांचा ट साधारण तिथेच म्हणतात. आपला ट त्याच्या मागे आणि आपला त त्याच्या पुढे, मधली ही जागा आपण ‘ट’ला किंवा ‘त’ला वापरतच नाही. पहिल्यांदा जरा परका वाटेल, पण सरावाने तो ‘त’च्या जवळ येतो. ‘स’ला जोर कमी करा. आपण घाबरून जास्त हवा सोडतो आणि फुसकारा वाढतो. जीभ किंचित मागे, हवा थोडी, सावकाश.

रोज २० मिनिटं मोठ्याने वाचा. मनात नव्हे, घुमेल इतक्या आवाजात. तुमच्याकडे पहिलीचं पुस्तक आहेच, रामरक्षा येत असेल तर ती म्हणा, संध्याकाळी पेपर वाचा. मी रुग्णांना काही वाक्यं देते: ताईने तांब्यात ताक ओतलं. दादाने दारात दिवा लावला. सात दिवस साखर सांडत होती. चाकाच्या चऱ्यात चिंचेचा चोथा. रोज एकदा फोनवर रेकॉर्ड करा आणि आठवड्याने पहिल्या दिवसाचं ऐका. आपल्याला आतून जेवढं बोबडं वाटतं तेवढं बाहेर नसतं, हे तुमचं तुम्हालाच ऐकू येईल. बहुतेकांचं बोलणं पंधरा दिवस ते महिनाभरात रुळतं. बोलण्याचाच पेशा असलेल्यांचं तर अनेकदा लवकर, कारण त्यांची जीभ दिवसभर सराव करते. तुम्ही त्यात मोडता.

आणि पोरांना सांगून टाका. तुमच्या वर्गात सहा-सात वर्षांची मुलं आहेत. त्यातल्या कितीतरी जणांचे पुढचे दात आत्ता पडलेले असतील, त्यांचा स्वतःचा ‘स’ फटीतून निसटत असेल. त्यांना सांगा, बाईंच्या दातांना मागून तार लावलीय, तुमचे नवे दात येतात तसा माझा ‘त’ पण परत येणार आहे, नीट आला की टाळी वाजवा. ती नक्कल करत होती ते चिडवायला नव्हे. पहिलीतलं मूल बाई जसं म्हणतात तसंच म्हणतं, तेच त्यांचं शिकणं. म्हणून काही दिवस ‘त’ची ओळख करून देताना एखाद्या स्पष्ट बोलणाऱ्या मुलीला पुढे उभी करा. वर्गात टेबलावर पाण्याची बाटली ठेवा आणि तासातून चार-पाच वेळा घोट घ्या. सलग बोलून तोंड कोरडं पडतं आणि कोरडी जीभ तारेवर जास्त खरचटते.

दाढा न टेकण्याचं कारण सोपं आहे. वरच्या पुढच्या दातांमागे ब्रॅकेट बसले की तोंड मिटताना खालचे दात त्यांच्यावर आपटतात, जबडा पूर्ण मिटत नाही आणि मागे फट राहते. ज्यांचे वरचे दात खालच्यांवर खोल येतात त्यांच्यात हे हमखास होतं. काही आठवड्यांनी दात सरकतात, दाढा भेटू लागतात. तोवर दोन्ही बाजूंच्या दाढांवर सिमेंटचे छोटे उंचवटे करून देता येतात, म्हणजे चावायला काहीतरी आधार मिळतो आणि पुढचे ब्रॅकेटही आपटून निसटत नाहीत. शनिवारी हे आवर्जून विचारा.

तोवर चावण्याचं काम हातांना आणि सुरीला द्या. ज्वारीची ताजी भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून, मऊ भात-वरण-तूप, मुगाची खिचडी, ताकभात, नाचणीची आंबील, घावन, उकडलेला बटाटा. पालेभाजी अख्खी नको, पळीवाढी करा. मेथीचा एक लांब देठ ब्रॅकेटमागे अडकला की अर्धा दिवस छळतो, आणि शेवग्याच्या शेंगेचे धागे त्याहून जास्त. पोहे मऊ भिजवलेले असतील तरच. ठेचा, लोणचं, चिंचेचं सार जखम भरेपर्यंत दूर ठेवा. तुमच्या भागातली स्ट्रॉबेरी मऊ असली तरी आंबट असते, सोललेल्या जिभेला झोंबते. जखम भरली की खुशाल खा. चिक्की, ऊस, भाजलेले चणे, चकली, बर्फाचे खडे आणि पेरू दाताने तोडून खाणं मात्र ब्रेसेस निघेपर्यंत बंद. ब्रॅकेट निखळला की तो परत चिकटवायला पुन्हा वाई ते पुणे.

साफसफाईचं थोडक्यात सांगते, पण हलक्यात घेऊ नका. लाळेच्या नळ्यांमुळे खालच्या दातांमागे तसाही दगडासारखा थर लवकर साठतो, आता तर ब्रॅकेट आहेत आणि ते आरशात दिसत नाहीत. हिरडी सुजली की ती फुगून ब्रॅकेटला टेकते आणि दुखणं वाढतं. तुम्हाला वाटेल तार टोचतेय, प्रत्यक्षात हिरडी सुजलेली असते. नेहमीच्या ब्रशसोबत एका झुपक्याचा छोटा ब्रश आणि दातांच्या फटीत जाणारा बारीक बाटलीब्रशसारखा ब्रश घ्या, दोन्ही औषधांच्या दुकानात मिळतात. रात्रीचं ब्रशिंग बसून, निवांत, पाच मिनिटं. दुपारच्या डब्यानंतर शाळेत निदान जोरात चूळ भरा.

सासूबाईंना काय सांगायचं? वय आड येत नाही. हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर तिशीत काय, पन्नाशीतही दात सरकतात. आणि ही पद्धत नुसत्या दिसण्यासाठी निघाली असंही नाही. १९७० च्या दशकात जपानमध्ये किन्या फुजिता या दंतवैद्यांनी ती विकसित केली, ती मार्शल आर्ट खेळणाऱ्यांचा विचार करून. पुढच्या ब्रेसेसवर ठोसा बसला की ओठ आतून फाटायचे. त्याच सुमाराला अमेरिकेत क्रेव्हन कुर्झ यांनी तार दिसू नये या मागणीपायी तीच वाट धरली. आजही बासरी किंवा सनई वाजवणाऱ्यांनी विचारलं तर मी मागच्या बाजूचाच पर्याय आधी सुचवते, कारण त्यांचे ओठ हेच त्यांचं हत्यार. तुम्हाला पुढे तार नको वाटली, यात लाजण्यासारखं काहीही नाही. स्वतःच्या पगारातून स्वतःच्या तोंडाचं काम करून घेणाऱ्या बाईला मी शाबासकीच देईन.

काढून टाकण्याचं म्हणाल तर आधी टोचणारी जागा दुरुस्त करा आणि मग बसवल्यापासून सहा आठवडे पूर्ण होऊ द्या. त्यानंतरही जीभ सतत सोलत असेल, तर सगळं काढण्याऐवजी एक मधला मार्ग आहे, तो डॉक्टरांपुढे मांडा. वरच्या ब्रेसेस मागेच ठेवायच्या आणि फक्त खालच्या काढून पुढच्या बाजूला बसवायच्या. जिभेला सगळ्यात जास्त जाच खालच्यांचा असतो, आणि बोलताना बऱ्याच जणींचे खालचे दात ओठाआड झाकलेले राहतात. आरशासमोर दोन वाक्यं बोलून बघा, तुमचे किती दिसतात ते. दातांच्या मापाने बनवलेले ब्रॅकेट असतील तर ते वाया जातात, खर्च वाढतो, म्हणून हा निर्णय आजच्या दुखण्याच्या भरात घेऊ नका.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की निघा. जाण्याआधी दवाखान्यात फोन करून ‘तारीख नाही, टोचतंय म्हणून येतेय’ असं स्पष्ट सांगा. खुर्चीत बसल्यावर टोचणारी जागा बोटाने दाखवा आणि काम झाल्यावर उठायची घाई करू नका. पाणी प्या, जीभ त्या जागेवरून चार वेळा फिरवा, ‘तांब्यात ताक’ म्हणून बघा. अजून लागत असेल तर तिथेच सांगा, परत गुळगुळीत करून घ्या. दाढांवरच्या उंचवट्यांचं विचारा, मेणाच्या दोन डब्या जास्तीच्या मागून घ्या आणि पुढच्या वेळी फोटो कोणत्या नंबरवर पाठवायचा तेही लिहून घ्या. टोचणारं टोक गेलं की चरा दोन-तीन दिवसांत दुखायचा कमी होतो आणि आठ-दहा दिवसांत भरतो. दोन आठवडे उलटूनही तसाच राहिला, तर पुन्हा दाखवायला जा, आणि काय म्हणाले ते मला कळवा.